चौथा मोह

सत्कृत्य करावे आणि त्याचा गवगवा करू नये, ही ख्रिस्ती धर्माची शिकवण सर्वपरिचित आहे. परंतु ज्याने गवगवा टाळला त्याला तो टाळल्याचाच अभिमान वाटू लागला तर काय? टी. एस. एलियट यांचे 'मर्डर इन द कॅथीड्रल' हे १९३५ साली कँटरबरीच्या उत्सवासाठी लिहिलेले नाटक पद्यनाट्याच्या पुनरुज्जीवनासाठी नावाजले जाते. त्याचे मर्म मला मात्र या प्रश्नात दिसते.

आर्चबिशप थॉमस बेकेट राजा दुसरा हेन्री याच्याशी बिनसल्यामुळे ११६४ साली फ्रान्समध्ये गेला, डिसेंबर ११७० मध्ये परतला आणि २९ डिसेंबरला राजाच्या चार सरदारांनी त्याला त्याच्याच प्रार्थनामंदिरात ठार केले. नाटकात तत्पूर्वी चार भुलविणारे त्याच्याकडे येतात. तारुण्यातील सुखे, जुने चॅन्सेलरपद, राजाविरुद्ध सरदारांशी संधान, ही तिघांची आमिषे तो सहज झुगारतो. ते येणार हे त्याला ठाऊकच होते. चौथा मात्र अनपेक्षित असतो. तो नवे काहीच देऊ करीत नाही. थॉमसच्या मनात आधीपासून असलेलेच त्याला दाखवितो. मर, म्हणजे समाधीतून राज्य करशील. यात्रेकरूंची रीघ लागेल, रत्ने वाहिली जातील. पुढे ती समाधीही लुटली जाईल, हेसुद्धा तो लपवीत नाही. (इतिहासात तसेच घडले. ११७३ साली थॉमसला संतपद मिळाले आणि १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने ती समाधी उद्ध्वस्त केली.) म्हणून पृथ्वीवर सर्वांत नम्र हो आणि स्वर्गात सर्वांत उंच बैस, असा त्याचा सल्ला. म्हणजे नम्रता ही उंचीची शिडी झाली! प्रवेश करताच कर्म आणि सहन यांविषयी थॉमसने जी गूढ वचने ऐकविली, तीच चौथा त्याला जवळजवळ जशीच्या तशी परत ऐकवितो, तेव्हा त्या वचनांतील गुरूचा आव उघडा पडतो. सबंध नाटकात इतका भेदक प्रसंग दुसरा नाही.

आमच्या शिक्षकवर्गात अशा ठिकाणी 'हा तर गीतेतील निष्काम कर्मयोग' असे म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. एलियट हार्वर्डला संस्कृत शिकले होते, त्यामुळे ही तुलना अप्रस्तुत नव्हे. परंतु फलत्याग हेच ज्याला फळ वाटू लागले, त्याने कशाचा त्याग करावा, असा चौथ्याचा पेच आहे. 'निष्काम' हा शब्द उच्चारल्याने तो सुटत नाही.

एलियट तरी तो सोडवितात काय? माझ्या मते नाट्यदृष्ट्या नाही. चौथ्यापुढे हतबल झालेला थॉमस थोड्याच वेळात आपली वाट स्वच्छ झाल्याचे सांगतो. मग नाताळच्या प्रवचनात, खरा हुतात्मा हौतात्म्याच्या कीर्तीचीही इच्छा करीत नाही, असे तो गद्यात समजावितो. विचार निर्दोष आहे. पण अहंकार गळाल्याचे आपण ऐकतो, तो गळताना पाहत नाही. शिवाय, मी आता नम्र झालो, हे नायकाने स्वमुखाने सांगावे ही अडचण कोणत्याही नाटककाराला चुकणार नाही.

तरीही एलियट प्रामाणिक आहेत, हे हत्येनंतर कळते. सरदार प्रेक्षकांकडे वळून आधुनिक सभाभाषेत आपले समर्थन मांडतात; त्यांतील एक तर थॉमसनेच मरण ओढवून घेतले, ही भ्रमिष्टाची आत्महत्या होय, असे सुचवितो. जो आरोप चौथ्याने आतून केला तोच आता मारेकरी बाहेरून करतात, आणि तो खोडून काढील असा एकही बाह्य पुरावा कवी पुढे करीत नाही. डाव्या हाताला न कळविता दान करा असे सांगणारे गिरिप्रवचनच, लोकांना तुमची सत्कर्मे दिसोत, असेही सांगते. भेद हेतूचा आहे, आणि हेतू प्रेक्षागृहातून दिसत नाही. शाळेच्या भिंतींवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या बसविण्यात ज्यांची हयात गेली, त्या आम्हां मंडळींना हे निराळे सांगावयास नको!

शेवटची प्रार्थना थॉमसच्या तोंडी नाही. ती झाडलोट करणाऱ्या, फरशा घासणाऱ्या कँटरबरीच्या गरीब स्त्रियांची आहे. ईश्वराच्या कृपेला आपण भितो, अन्यायाला कमी भितो, असे सांगून त्या क्षमा मागतात. प्रवचनाहून ही कबुली मला अधिक पटते. एलियट यांनी या स्त्रियांना नावे दिलेली नाहीत.