‘कायम वना’चा करार आणि उरलेली जमीन

झाडे तोडू नयेत, हे म्हणणे सोपे आहे. परंतु ती कुणाच्या जमिनीवर उभी आहेत आणि किती पिढ्यांसाठी राखावयाची आहेत, हे विचारल्यावाचून त्या म्हणण्याला सामाजिक अर्थ प्राप्त होत नाही.

न्यूझीलंडमध्ये लाकडासाठी लावलेला पाइन साधारणतः २८ वर्षांनी तोडतात. १ जानेवारी २०२३ पासून तेथील कार्बन-व्यापाराच्या कायद्यात ‘कायम वन’ हा नवा वर्ग आला. १९८९ नंतरची लागवड त्यात नोंदविता येते. मग ५० वर्षे सरसकट तोड बंद. झाडांनी शोषलेल्या कार्बनबद्दल मालकाला कार्बन-पत्रे मिळतात आणि धूर सोडणारे उद्योग ती विकत घेतात. धूर एकाचा, बांधली जाते ती दुसऱ्याची जमीन!

२०२२ मध्ये सरकारने पाइनसारखी विदेशी झाडे या वर्गातून वगळण्याचे सुचविले. मेंढपाळीची कुरणे पाइनखाली जातील, गावे ओस पडतील, ही भीती खोटी नव्हती. तरीही माओरी जमीनमालकांनी विरोध केला आणि सरकारला तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. हा केवळ पैशाचा मोह होता काय? १८६३ च्या जप्तीच्या कायद्याने आणि पुढे जमीन-न्यायालयाच्या कागदांनी माओरींची चांगली जमीन गेली. हाती उरली त्यातली पुष्कळशी चढाची, दुर्गम, कमी कसाची. तिच्यातून चार पैसे येऊ लागताच निर्णय पुन्हा दुसऱ्यांनीच घ्यावयाचा, हे त्यांनी नाकारले.

परंतु विरोध न्याय्य होता म्हणून करारही न्याय्य ठरत नाही. तोड थांबली की तोडणाऱ्याचे काम थांबते. १९८७ मध्ये सरकारी वनखाते मोडले तेव्हा मिंगिनुईसारख्या माओरी वस्तीवर बेकारी कोसळली, हा अनुभव जुना नाही. पाइनच्या सावलीत हळूहळू देशी जंगल उभे राहील, असे सांगितले जाते. त्यासाठी जवळपास देशी झाडांचे बी हवे, विरळणी हवी, हरणे-बकऱ्यांचा बंदोबस्त हवा, आणि तोही अनेक दशके. पत्रांचा पैसा आज संपला तर हा खर्च नातवंडांच्या माथी येणार. जंगल मोडून दुसरे काही करावे म्हटले, तर पत्रे परत भरावी लागणार.

आपल्याला हे परके नाही. १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या मागे गेलेली माणसे पडीक जमीनच मागत होती. इतरांनी घेऊन उरलेली जमीन ज्यांच्या वाट्याला येते, त्यांनाच जगाचे आकाश स्वच्छ करण्यासाठी राबवावयाचे असेल, तर आधी त्यांना मालक म्हणून विचारा आणि राखणीचे दाम पुढच्या पिढीपर्यंत पुरवा. तोवर ‘कायम’ या शब्दावर विश्वास ठेवण्याचे आपल्याला कारण नाही.