पान चांगले, पण डावात काय काम?

पत्ते खेळणाऱ्या माणसाकडे आपल्याकडे कोणी फारशा आदराने पाहत नाही. दिवाळीत चार मंडळी झब्बूला नाही तर मेंढीकोटाला बसतात, तीही वर्षातून एकदा मिळालेली सूट म्हणून. अशा खेळाचे परीक्षण दिवाळी अंकात कशाला, असे वाचक विचारतील. माझ्यापुरते उत्तर सोपे आहे. गेल्या दिवाळीत सोनपेठला आमच्या ओसरीवर एक सामना झाला नि त्यात मी हरलो. हरताना जे समजले ते माझ्या दोन्ही धंद्यांच्या, म्हणजे शिकवण्याच्या आणि लिहिण्याच्या, उपयोगाचे होते.

खेळ परदेशी. नाव ‘मॅजिक : द गॅदरिंग’. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला नि 1993 साली तो बाजारात आला. दुसऱ्याच वर्षी त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. आपल्या पत्त्यांत बावन्न पाने सर्वांची मिळून असतात. येथे प्रत्येकाने आपला जोड आपणच रचून आणायचा. निदान साठ पाने हवीत, नि जमिनीची साधी पाने सोडली तर एकाच नावाची चारांहून अधिक चालत नाहीत. जमीन हा या खेळाचा पाया. आपल्या पाळीला एकच जमीन मांडता येते, नि पुरेशी जमीन मांडल्याखेरीज हातातले मोठे पान खेळता येत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. बियाणे हातात आहे नि रान नाही, ही अवस्था आम्ही जाणतो.

आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांशी हा खेळ ताडून पाहण्यासारखा आहे. त्या गोल पानांचे दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, एकूण एकशेवीस. तिघांत वाटली की प्रत्येकी चाळीस. निम्म्या अवतारांत दश्शा वरचढ, निम्म्यांत एक्का. दिवसा रामाच्या राजाने सुरुवात करायची नि रात्री कृष्णाच्या. तेथे सारी पाने सर्वांना ठाऊक असतात. कसोटी लागते ती स्मरणाची, कोणते पान पडून गेले हे ध्यानात ठेवण्याची. या नव्या खेळात कसोटी डाव सुरू होण्यापूर्वीच लागते. हजारो पानांतून आपली साठ कोणती, हा तेथला प्रश्न. तो मला थेट कादंबरीकाराचा प्रश्न वाटला, म्हणून मी या खेळाकडे वळलो.

पण पहिला दोषही येथेच आहे. पाने बंद पाकिटांतून विकत घ्यायची. आत काय निघेल ते दैवाधीन, नि दुर्मीळ पानाला बाजारात भारी किंमत. म्हणजे रचना करणाऱ्याच्या बुद्धीआधी त्याचा खिसा बोलतो. पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने यावर हरकत घेतली. तो म्हणाला, “मामा, पैसे टाकले की डाव जमतो असं नाही. एकेक जोड रचायला महिने जातात.” ते मी मान्य करतो. परंतु ज्याच्यापाशी पैसेच नाहीत त्याला तेवढे महिने रचत बसण्याचीही सोय नाही, हे त्याने मान्य करावे. दुसरा दोष भाषेचा. पानावरचा मजकूर इंग्रजी. मराठीत ही पाने निघत नाहीत, नि आमच्या पोरांना प्रत्येक पान अडखळत वाचावे लागे.

पहिल्या दोषावर खेळानेच एक उतारा काढला आहे. आठ जणांनी गोल बसायचे. प्रत्येकाला तीन बंद पाकिटे. एक फोडायचे, त्यातले एकच पान ठेवायचे नि उरलेली डावीकडच्याला द्यायची. दुसऱ्या पाकिटाला उजवीकडे, तिसऱ्याला पुन्हा डावीकडे. अशी चाळीसेक पाने जमली की त्यांतली वीस-बावीस निवडायची, जमीन मिसळायची नि चाळीस पानांचा जोड करायचा. भाच्याने दोन दिवस आमची शिकवणी घेतली नि तिसऱ्या दिवशी आम्ही आठ जण ओसरीवर बसलो.

माझ्या उजव्या हाताला माझ्याच वर्गातला एक मुलगा होता. त्याच्याकडून काही महिन्यांपूर्वी मी पैलवानांच्या चित्रांचा पत्त्यांचा गठ्ठा काढून घेतला होता, वर चार मुलांदेखत ‘जुगारी’ म्हटले होते. त्याने आपले पाकीट फोडले. आत सोनेरी झळाळीचा एक ड्रॅगन होता. भाच्याचे डोळे चमकले. मुलाने मात्र एक साधेच पान ठेवून ड्रॅगन माझ्याकडे सरकवला. मी विचारले, “अरे, हे का सोडलंस?” तो म्हणाला, “सर, पान चांगलंय. पण सात जमिनी लागतात त्याला. माझ्या डावात त्याचं काय काम?”

ड्रॅगन मी ठेवला. दुसऱ्या फेरीत आमची गाठ पडली, तेव्हा चार जमिनींवर मी अडकून बसलो, नि तो ड्रॅगन शेवटपर्यंत माझ्या हातात चकाकत राहिला. मुलाच्या लहान लहान पानांनी माझे वीस गुण भराभर उतरवले. तिसऱ्या फेरीत तो भाच्याकडून हरला, मीही दुसऱ्याकडून हरलो. पण या पद्धतीत हरला म्हणून कोणाला उठवीत नाहीत. जिंकलेला जिंकलेल्याशी नि हरलेला हरलेल्याशी असे सगळेच अखेरपर्यंत खेळतात. शाळेतल्या परीक्षांनी ही रीत उचलावी, असे मला वाटून गेले.

त्या रात्री मला माझ्या एका कादंबरीतले गोदेच्या पुराचे प्रकरण आठवले. ते सुंदर आहे असे पुष्कळांनी सांगितले. ते कथेला काही करीत नाही, हे मला लिहितानाच ठाऊक होते. केवळ सोडवेना म्हणून ठेवले. समीक्षेची मोठमोठी पुस्तके चाळूनही जे धीटपणे म्हणता आले नाही, ते सातवीतल्या पोराने एका वाक्यात म्हटले.

तेव्हा माझा निवाडा असा : विकत घेतलेल्या पानांचा हा खेळ हुशार असला तरी निर्मळ नाही, वाटून घेतलेल्या पानांचा मात्र अव्वल दर्जाचा आहे. त्यात दैव आहे, पण ते आठही जणांच्या हातून फिरते. त्याला जुगार म्हणता येत नाही.

शाळा उघडल्यावर कपाटातला तो गठ्ठा मी चार मुलांदेखतच त्या मुलाला परत दिला, नि तो शब्दही मागे घेतला. त्याने पाने मोजून घेतली. सगळी होती.