‘जशीच्या तशी’ खोली: मुंबईतली तीन घरं बघताना

फील्ड नोट्सच्या पहिल्या वहीत मी लिहिलं होतं, ‘मणिभवन. दुसरा मजला. गांधीजींची खोली जशीच्या तशी.’ गाईडनी ‘जशीच्या तशी’ खाली लाल रेघ मारली आणि समासात एकच प्रश्न टाकला, ‘हे तुम्हाला कोणी सांगितलं?’

कोणीच सांगितलं नव्हतं. काचेपलीकडे गादी होती, चरखा होता, बैठं मेज होतं. बघितलं आणि मानून टाकलं. थोरामोठ्यांची घरं बघायला गेलेले आपण सगळेच हे करतो. पर्यटकाला ते चालतं, पण त्या घरावर चार पानं लिहायची असतील तर चालत नाही. म्हणून आज मुंबईतल्या तीन घरांबद्दल लिहितेय. तुमच्यापैकी जे पेट देऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेत, त्यांना माझी चूक उपयोगी पडेल.

आधी थोडं घरचं. मी बीड जिल्ह्यातली, मांजरसुंब्याजवळची. आमच्याकडे ‘जागा बघायला जाणं’ म्हणजे कपिलधार. वीरशैव संतकवी मन्मथस्वामींची तिथे समाधी आहे आणि शेजारी धबधबा. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्रातून, शेजारच्या राज्यांतूनही दिंड्या पायी येतात. माझी आत्या वर्षानुवर्षं दिंडीत चालली. स्वामींच्या वापरातली वस्तू कुठली, ती खरी कशावरून, हे तिनं कधी विचारलं नाही. धारेखाली पाय धुवायचे, समाधीचं दर्शन घ्यायचं, ‘परमरहस्या’चं वाचन ऐकायचं आणि पंगतीत बसायचं. ती जागा कोणी मांडून दाखवत नाही. येणारी माणसं ती वापरतात आणि त्या वापरातूनच स्वामींची आठवण टिकते. एम.ए.ला हे मला ‘संशोधनाच्या बाहेरचं’ वाटायचं. मुंबईत आल्यावर मत बदललं.

पहिलं घर मणिभवन. गावदेवीच्या लॅबर्नम रोडवरचं हे घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम आणि काम इथून चालायचं. म्हणजे ते या घरातले पाहुणे होते, मालक नव्हेत. आता संग्रहालय बघताना हे कितपत जाणवतं? मला फारसं जाणवलं नाही. झवेरींचं नाव कळतं, त्यांचं घर दिसत नाही. सतरा वर्षं देशभरातून माणसं येत राहिली, बैठका झाल्या, तर त्यांचा स्वयंपाक कोणी केला, पाणी कोणी भरलं, रात्री अंथरुणं कोणी घातली? काचेमागची खोली याबद्दल गप्प आहे. त्या नीटनेटक्या मांडणीतून एकटा, शांत बसलेला महात्मा डोळ्यांपुढे येतो, पण चळवळीचा मुंबईतला मुक्काम एवढा शांत कसा असेल?

मग गच्चीवर गेले. तिथे मांडलेलं जवळजवळ काही नाही. ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे याच गच्चीवरच्या तंबूतून गांधीजींना अटक झाली. मोकळी फरशी, वर आभाळ, आजूबाजूला इमारती. पोलीस कुठल्या जिन्यानं वर आले असतील, शेजारच्या घरांत दिवे लागले असतील का, असे प्रश्न तिथे आपोआप सुचले. सजवलेल्या खोलीनं मला उत्तर दिलं होतं, रिकाम्या गच्चीनं प्रश्न दिले. ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँकच्या घराबद्दल तुम्ही वाचलं असेल. लपून राहिलेल्या कुटुंबाचं सामान नाझींनी नेलं होतं. तिच्या वडिलांनी त्या खोल्या पुन्हा न सजवता रिकाम्याच ठेवायचा आग्रह धरला. त्यामागचा विचार मला गच्चीवर कळला.

एक कबुली द्यायला हवी. बाहुल्यांच्या देखाव्यांतून सांगितलेलं गांधीचरित्र बघून मी नाक मुरडलं होतं. पण शाळेची मुलं सगळ्यात जास्त वेळ तिथेच रेंगाळत होती. आणि तळमजल्यावरचं ग्रंथालय ही या घरातली सगळ्यात जिवंत जागा. तिकडे मात्र फोटो काढणारे फिरकत नाहीत.

दुसरं घर दादरच्या हिंदू कॉलनीतलं राजगृह. डॉ. आंबेडकरांनी १९३० च्या दशकात आपल्या ग्रंथसंग्रहाचा विचार करून हे घर बांधून घेतलं. तळमजल्यावर स्मारक आहे, वर कुटुंबीयांचं घर. बघायला मिळतात त्या वापरातल्या वस्तू, छायाचित्रं आणि अस्थिकलश. पुस्तकांसाठी बांधलेल्या या घरातली बरीचशी पुस्तकं मात्र पुढे सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली. माझी पहिली प्रतिक्रिया टीकेची होती. वाचणाऱ्या माणसाच्या घरात पलंग दिसतो आणि वाचन दिसत नाही, हे कसलं स्मारक?

ही टीका मी अर्धी मागे घेते. वही उघडून मी उभी होते, तेवढ्यात बाजूला एक बाई चप्पल काढून, हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी ते प्रदर्शन नव्हतंच. त्या जशा उभ्या होत्या, तशी आत्या समाधीपुढे उभी राहते. पुढे ६ डिसेंबरला शिवाजी पार्कला गेले. चैत्यभूमीवर आलेली माणसं पुस्तकांच्या स्टॉलवर वाकून पुस्तकं निवडत होती, किमती विचारत होती, पिशव्या भरत होती. राजगृहात न सापडलेलं वाचन मला तिथे सापडलं. म्हणजे स्मारक फक्त इमारतीत शोधणं ही माझी चूक होती. उरलेली अर्धी टीका मात्र ठेवते. बाबासाहेब इथे काय वाचत होते, कुठल्या पानावर काय खुणा करत होते, हे या घरात आणखी ठळकपणे सांगता येईल.

तिसरं घर अजून संग्रहालय झालेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे. परळची बी.आय.टी. चाळ. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारण्यासाठी १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं बांधलेल्या चाळींपैकी ही एक. राजगृहात जाण्याआधीची अनेक वर्षं आंबेडकरांचं बिऱ्हाड इथल्या दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत होतं. परदेशातून शिकून ते याच चाळीत परतले. १९२७ चा महाडचा सत्याग्रह झाला तेव्हाही घराचा पत्ता हाच होता.

इथे स्मारक करण्याची मागणी झाली, घोषणाही झाली. स्मारक व्हावंच. पण कसलं? दोन खोल्या रंगवून, काच लावून, बाकीची चाळ पाडून टाकली तर काय उरेल? चाळ म्हणजे नुसत्या खोल्या नव्हेत. सामाईक गॅलरी, सामाईक नळ, सामाईक संडास, भिंतीपलीकडून येणारा आवाज, या सगळ्याची मिळून चाळ होते. त्या गोंगाटात हा माणूस अभ्यास कसा करत होता, रमाबाई तेवढ्या जागेत संसार कसा रेटत होत्या, हे गॅलरीत उभं राहिल्यावर कळतं. मी गेले तेव्हा गॅलरीत कपडे वाळत होते आणि कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. स्मारकाच्या आराखड्यात ही शिट्टी कुठे बसवणार? आणि तिथे राहणाऱ्यांना पक्कं, नीट घर हवंय, ही गोष्ट माझ्या संशोधनापेक्षा मोठी आहे. तेव्हा ‘चाळ आहे तशी ठेवा’ असं बाहेरून येऊन म्हणणंही बरोबर नाही.

पुण्यात याची एक बाजू दिसलीय. १८४८ मध्ये फुल्यांनी जिथे मुलींची शाळा सुरू केली तो भिडेवाडा मोडकळीला आला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला, तिथे स्मारक व्हावं म्हणून. उलट उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथल्या ऑर्चर्ड स्ट्रीटवरच्या ९७ नंबरच्या जुन्या इमारतीत १९८८ पासून टेनेमेंट म्युझियम उभं राहिलं. त्या लहान खोल्यांत राहून गेलेल्या स्थलांतरित कुटुंबांची आयुष्यं तिथे सांगितली जातात. म्हणजे थोर माणसाच्या खोलीसोबत शेजाऱ्यांचीही खोली सांगता येते. परळला ते जमेल. त्यासाठी आजच चाळीतल्या लोकांच्या आठवणी नोंदवून घ्यायला हव्यात. पिढी हातातून निसटतेय.

आता मुद्द्याचं. घर-संग्रहालय हा प्रायमरी सोर्स आहे, पण कशाचा? त्या माणसाच्या आयुष्याचा थोडाच. जास्त करून, त्याला कसं लक्षात ठेवायचं हे ठरवणाऱ्यांच्या काळाचा. म्हणून आत शिरल्यावर वहीत वस्तूंची यादी करण्याआधी तीन प्रश्न लिहा. ही मांडणी कोणी आणि कधी केली? या घरात राहिलेलं, राबलेलं कोण इथे दिसत नाही? आणि आज इथे येणारी माणसं नेमकं काय करतात? तिसऱ्या प्रश्नासाठी किमान तासभर एका कोपऱ्यात उभं राहावं लागतं. कंटाळा येतो, पण माझ्या प्रबंधातलं कामाचं प्रकरण त्या तासांतूनच निघालं.

दुसऱ्या मसुद्यात मी ते वाक्य बदललं: ‘गांधीजींची खोली, मांडून ठेवलेली.’ या वेळी समास कोरा परत आला. दिवाळीला गावी गेले तेव्हा आत्याला विचारलं, तू कपिलधारला जाऊन नेमकं काय करतेस, ते सगळं सांग. ती हसली. म्हणाली, ‘तुझ्या वहीत मावेल का?’ दोन दिवस लिहून घेतेय, अजून संपलेलं नाही.