खडतर नोकरी शाळा कधी होते?

वागळे इस्टेटमध्ये नोकरीतल्या प्रगतीवर बोलायचं म्हटलं की नारायण सुर्व्यांचं नाव हमखास निघतं. नव्या मुलांच्या प्रशिक्षणात वक्ता सांगतो, "सुर्वे बघा, रस्त्यावर शिकले. तुम्हीही सोसा, मोठे व्हाल." हे 'माझे विद्यापीठ'चं चुकीचं वाचन आहे, असं आम्हाला वाटतं. आणि त्याची किंमत ऐकणारी पोरं मोजतात.

आधी कविता पाहू. हा संग्रह १९६६चा. शीर्षककवितेत भूक आहे, बेघरपण आहे, सगळं मान्य. पण त्यात शिकवतं कोण? नालबंद याकूब आहे, आफ्रिकी चाचा आहे. म्हणजे हालात भेटलेली माणसं शिकवतात. वक्ते नेमकी ही माणसं वगळतात आणि नुसते हाल शिल्लक ठेवतात.

आता आयुष्य बघा. १९२६चा जन्म, गिरणी कामगार गंगाराम सुर्व्यांनी सांभाळलेलं पोर. गिरणीत काम, मग शाळेत शिपाई, मग शिक्षक. १९९५ला परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, १९९८ला पद्मश्री. शिपायाचा शिक्षक झाला तो काय इमानदारीत घंटा वाजवून? मध्ये परीक्षा होती. आणि आजूबाजूला कामगार चळवळ होती, तिथली माणसं, तिथलं वाचन होतं. सुर्व्यांच्या कवितेबद्दल आमची एक तक्रारही आहे. तिचा सगळा जोर रस्त्यावर पडतो, परीक्षेला तेवढं वजन मिळत नाही. म्हणून तर ती अशी सोयीने वापरता येते.

ही शिडी वागळेत पूर्वी होती. सुर्व्यांचा पहिला संग्रह 'ऐसा गा मी ब्रह्म' १९६२चा. त्याच वर्षी एमआयडीसी स्थापन झाली, आणि वागळे ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१चा. आयटीआय करायचं, उमेदवारी करायची, परीक्षा देऊन सर्टिफिकेट घ्यायचं. मशीन शॉपमध्ये हेल्परचा ऑपरेटर व्हायचा, ऑपरेटरचा सेटर. कुणी पुढे गाळा घेऊन स्वतःचं जॉबवर्क सुरू करायचा. काम तेव्हाही जड होतं. उन्हाळ्यात पत्र्याखाली उभं राहून बघा! पण वरची पायरी डोळ्यांना दिसायची, आणि शेजारच्या मशीनवर हात धरून शिकवणारा कुणीतरी असायचा.

आज बऱ्याच कारखान्यांच्या जागी आयटी पार्क आलेत. तिथल्या सिक्युरिटीत, हाउसकीपिंगमध्ये, कॉल सेंटरच्या रात्रपाळीत कितीतरी मुलं कंत्राटावर आहेत. कंत्राटदार बदलला की अनेकांची नोकरी नव्याने सुरू होते. जागा तीच, काम तेच, अनुभव मात्र कागदावर शून्य. अशा मुलाला 'सोस, शिकशील' म्हणणं म्हणजे शिडी काढून घ्यायची आणि चढायचा उपदेश करायचा.

कुणी विचारेल, मग काय, नोकरी सोडू? घरभाडं कोण भरणार? बरोबर आहे, आणि सोडा असं आमचं म्हणणंही नाही. टिकून राहणं आणि वाढणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, एवढंच. वर्षातून एकदा स्वतःला तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी येत नव्हतं असं कोणतं काम आज मला येतं? ते कुठल्या कागदावर नोंदलं गेलंय? इथे मला शिकवणारा माणूस कोण?

तिन्हीची उत्तरं मिळाली तर साहेब कितीही खडूस असो, थोडं थांबायला हरकत नाही. एकाचंही मिळालं नाही, तर ती नोकरी पगारापुरती समजा आणि शिकणं दुसरीकडे न्या. १९८९ला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं ते कामावर जाणाऱ्यांनाही शिकता यावं म्हणूनच. रात्रपाळी करून अभ्यास सोपा नाही, हे आम्हाला कळतं. पण त्या कष्टातून हातात काहीतरी कागद तरी येतो.

आणि प्रशिक्षणाला उभ्या राहणाऱ्या वक्त्यांना एक विनंती. सुर्व्यांचं नाव घ्या, जरूर घ्या. पण त्याच सभेत व्यवस्थापनालाही विचारा, की इथल्या हेल्परसाठी पुढची पायरी कोणती, आणि तिची परीक्षा कधी आहे?

थांबतो. प्रश्न असतील ते आता घेऊ.