द्रष्टा आणि त्याचे प्रेक्षक : ‘हानुसेन’च्या निमित्ताने

सुप्यात पदवीच्या वर्गात ‘घाशीराम कोतवाल’ शिकवताना इश्त्वान साबो यांच्या ‘हानुसेन’ (१९८८) या चित्रपटाचा उल्लेख केला, की विद्यार्थी हमखास एकच प्रश्न विचारतात : त्या माणसाला भविष्य खरोखर दिसत होते काय? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तोच प्रथम विचारावासा वाटावा अशी चित्रपटाची रचना आहे, आणि तिच्यातच त्याची मर्यादाही दडलेली आहे.

‘मेफिस्टो’ (१९८१) आणि ‘कर्नल रेडल’ (१९८५) यांच्यानंतरचा हा साबोंच्या त्रयीतील तिसरा चित्रपट. तिन्हींत प्रमुख भूमिका क्लाउस मारिया ब्रांडाउर यांची आहे. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला ऑस्ट्रियन सैनिक क्लाउस श्नायडर डॉ. बेटेलहाइम यांच्या उपचारांखाली असताना त्याच्या ठायीची असामान्य शक्ती प्रकट होते. पुढे ‘हानुसेन’ हे नाव धारण करून तो बर्लिनच्या रंगमंचावर येतो, हिटलरच्या उदयाचे भाकीत करतो आणि अखेरीस मारला जातो. आपण राजकारणाबाहेर आहोत, दिसते तेवढेच सांगतो, अशी त्याची धारणा असते. मात्र जाहीरपणे उच्चारलेले भाकीत ते घडण्यास हातभार लावते. या तटस्थतेचा फोलपणा साबो समर्थपणे उघड करतात.

इतिहासातील हानुसेन याहून अधिक गुंतागुंतीचा होता. हर्मान श्टाइनश्नायडर हे त्याचे मूळ नाव. १८८९ साली व्हिएन्नात ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने स्वतःच्या नियतकालिकातून हिटलरची भलामण केली, नाझी निमलष्करी दलाच्या पुढाऱ्यांना कर्जे दिली; आणि २७ फेब्रुवारी १९३३ च्या राइशस्टाग अग्निकांडानंतर महिन्याभरातच त्याची हत्या झाली. साबोंनी त्याचे ज्यू असणे कथेच्या केंद्रापासून दूर ठेवले. वेर्नर हेर्त्सोग यांनी ‘इन्व्हिन्सिबल’मध्ये (२००१) नेमके तेच मध्यवर्ती केले. साबोंच्या चित्रपटात द्रष्ट्याची शक्तीही अस्सल मानलेली आहे. शक्ती अस्सल मानली की प्रेक्षक निर्दोष ठरतो, कारण अटळ ते त्याने केवळ ऐकलेले असते. उलट, द्रष्टा समोरच्यांच्या मनातील इच्छाच वाचून त्यांना परत करीत असेल, तर प्रत्येक टाळी ही संमती ठरते.

येथे तेंडुलकरांच्या नाटकाशी तुलना उद्बोधक ठरते. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील घाशीरामही उपरा, सत्तेने वर चढवलेला आणि काम संपताच समूहाच्या हवाली केलेला आहे. परंतु तेथे समूह प्रेक्षागृहाच्या अंधारात बसलेला नाही. ब्राह्मणांची मानवी भिंत गाते, नाचते, नानांना आड घेते, पाहिजे तेव्हा पाठ फिरवते. समूहाचा सहभाग हा तेंडुलकरांच्या नाट्यरचनेचाच घटक आहे. साबोंचा समूह मात्र बव्हंशी नायकाच्या चेहऱ्याची पार्श्वभूमी बनून राहतो. ब्रांडाउर यांचा अभिनय इतका वेधक आहे, की आपणही त्या खुर्च्यांतून त्याच्याकडेच पाहत राहतो.

‘हानुसेन’ महत्त्वाचा चित्रपट आहे, यात शंका नाही. पण फॅसिझमच्या उदयाचे आकलन त्यातून करून घ्यायचे, तर वर्गातील प्रश्न बदलावा लागतो. त्याला काय दिसत होते, यापेक्षा समोर बसलेल्यांना काय ऐकायचे होते, हे विचारणे अधिक अवघड आहे. कारण त्या उत्तरातून आपल्यालाही वगळता येत नाही.