थापटणे आणि बलुते

गोरोबा कुंभारांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली व नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही आख्यायिका बहुधा गुरूची आवश्यकता सांगणारी म्हणूनच वाचली जाते. परंतु निवाड्याचा अधिकार तेथे कुणाला मिळाला? ठोक्याच्या नादावरून कच्चे-पक्के ओळखणाऱ्या हाताला. आणि ज्याचा निवाडा झाला तोही जातीने शिंपीच. कसबाचे हे प्रामाण्य केवळ रूपक म्हणून बाजूस सारता येत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाड्या’त (१९१५) मात्र हाच कुंभार कुणब्यावरील भाराच्या हिशेबात येतो. चाक, आवा, कसब सारे त्याचे; तरी सुगीला खळ्यावर बलुते मागावे लागते, एवढ्यावरून गाव त्याला आश्रित समजते. मडक्यांचा मोबदला जणू दान ठरतो! आत्र्यांचे निरीक्षण चोख आहे; पण त्यांची दृष्टी खळ्यावर खिळलेली आहे, आव्यापर्यंत ती क्वचितच पोचते.