बिनतेलाची भज्जी

खवा आणि उस्मानाबादी शेळी ही धाराशिव जिल्ह्याची बाहेर झालेली ओळख. त्यामुळे इथल्या सर्वांत मोठ्या शेतजेवणाचा मानाचा पदार्थ दाण्यांचा आणि पाल्याचा असतो, हे सांगितलं की पाहुण्याला नवल वाटतं. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवसेला, धाराशिव-लातूरकडची गावं ओस पडतात आणि शिवारं माणसांनी भरून जातात. कडब्याची कोप उभी राहते, पांडव पुजले जातात आणि मग पंगतीत येते भज्जी.

तुरीचे, वाटाण्याचे, ओल्या हरभऱ्याचे दाणे, वालाच्या शेंगा, शेंगदाणे, गाजर, मेथी, कांद्याची पात, असं रानात जे उभं असेल ते सगळं पातेल्यात पडतं. ते शिजलं की चिंचेचा कोळ आणि कालवलेलं हरभऱ्याचं पीठ. काही घरी पीठ ताकात कालवतात. मला पाण्यातलंच आवडतं, चिंचेचा आंबटपणा त्यात मोकळा राहतो. बहुतेक ठिकाणी लसणाची फोडणी पडते, हेही खरं. पण बिनफोडणीची भज्जी एकदा सावकाश खाऊन बघावी. फोडणीत लसूण पुढे होतो आणि बाकीचे त्याच्या मागे चालतात. इथे तसं होत नाही. आधी चिंच जिभेवर येते, मग वाटाण्याची गोडी, मग दाताखाली थोडा ताठ राहिलेला तुरीचा दाणा. शिजून मऊ पडलेला शेंगदाणा सगळ्यांत शेवटी कळतो.

तेलाचं काम इथे वाटून घेतलेलं आहे. दाटपणा पिठाचा. वासासाठी जिरे कोरडेच भाजायचे, लसूण-मिरचीसोबत ठेचायचे आणि पातेलं उतरवता उतरवता घालायचे. आधी घातले तर वास वाफेबरोबर निघून जातो. स्निग्धपणा शेंगदाण्याचा, कारण त्याच्या वजनात जवळपास निम्मं तेलच असतं. पानातली चटणी कुटताना हे डोळ्यांना दिसतं. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, मीठ उखळात कुटत राहिलं की कोरडा भुगा हळूहळू एकमेकांना धरतो, कडेला चकाकी येते आणि बोटं तेलकट होतात. बाटलीतून थेंबभरही ओतलेलं नसतं. कारळाची आणि जवसाची चटणी याच जातीची.

सोबतीला बाजरीचे उंडे. या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून उकळतं पाणी घालून मळायचं, मुठीत वळायचं आणि वाफवायचं. चांगल्या उंड्यावर बोटांचे वळ स्पष्ट राहतात, आणि भज्जी त्याच खाचांत थांबते. ज्वारीच्या भाकरीलाही तेल लागत नाही. पानात दुधाचं म्हणावं असं बहुधा आंबिलीतलं ताक तेवढंच.

या स्वयंपाकाची थोरवी गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. याच जिल्ह्यातले शाहू पाटोळे यांनी 2015 साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं खाणं लिहून ठेवलं; 2024 मध्ये भूषण कोरगावकर यांनी ते इंग्रजीत नेलं. त्यात मांसाहार भरपूर आहे, पण तेल, तूप, दूध यांची चैन नाही, कारण ती परवडत नव्हती. आज कुणी तब्येतीसाठी आवडीने तेल सोडत असेल तर जरूर सोडावं. पण तेलावाचून चव उभी करण्याची ही विद्या गरिबीतल्या बायकांनी चुलीपाशी कमावली आहे, आणि पाककृती लिहिताना हा हिशेब लिहिला गेलाच पाहिजे.

येळवसेला ज्यांना शेत नाही त्यांनाही आवर्जून बोलावतात, आणि कृती इथेच हातोहात फिरते. एक जण बांधावरून विचारते, “आक्का, पीठ किती घातलंव?” उत्तर येतं, “डाव जड लागंस्तोवर.” माप एवढंच. पुढच्या रानात हाच प्रश्न विचारला तर उत्तर वेगळं मिळतं, कारण तिथे वाल जास्त आणि तूर कमी. तिथे पीठही कमी पुरतं आणि चिंच मात्र वाढवावी लागते.